दोन वर्षांची पदवी आणि तिच्याआधीची वर्षं: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचं नर्सिंग

  

मागच्या दोन व्याख्यानांत आपण एखादी गोष्ट ‘माहीत असणं’ आणि ती ‘करता येणं’ यातल्या फरकाबद्दल बोललो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या पुस्तकात तो फरक मांडला, तो आपण पाहिला. त्यानंतर अमेरिकेतून ऐकणाऱ्या तीन-चार भगिनींच्या चिठ्ठ्या आल्या. सूर सगळ्यांचा एकच: सर, हे सगळं ठीक आहे, पण आम्ही इथे कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगला जायचा विचार करतोय, तिथे हे माहीत असणं नि करता येणं नेमकं कसं तपासतात? आम्ही त्या चिठ्ठ्या बाजूला ठेवणार होतो, कारण आम्ही सदतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, इंजेक्शन कधी दिलं नाही. पण या विषयाशी आमचा घरचा संबंध आहे. आमची भाची न्यू जर्सीत असते. बी.कॉम. झालेली, पुण्यात बँकेत सात वर्षं नोकरी केलेली, मग नवऱ्यामागे तिकडे गेलेली. मुलं थोडी मोठी झाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तिने नर्सिंग घ्यायचं ठरवलं. आम्ही दोनदा तिच्याकडे काही महिने राहिलो, आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिचे प्रश्न आम्हीच वाचून दाखवायचो. तेव्हा आजचं हे बोलणं म्हणजे थोडं वाचलेलं आणि बरंचसं त्या टेबलावर बसून कळलेलं.

आधी एक गैरसमज दूर करू. ज्यांनी भारतात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलंय, त्यांचा हा रस्ता नव्हे. त्यांची कागदपत्रं सीजीएफएनएससारख्या संस्थेकडून तपासून घेतली जातात आणि मग परवान्याची परीक्षा देता येते. राज्याराज्यांत नियम वेगळे. आज आपण बोलतोय ते ज्यांना नर्सिंगची अआइई शिकायची आहे त्यांच्याबद्दल.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे इथल्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं. स्थानिक कराच्या आणि सरकारी पैशावर चालणारं, दोन वर्षांपर्यंतचं शिक्षण देणारं, घराजवळचं कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ चं, ते यातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कॉलेज. दार सगळ्यांना उघडं असतं. अठरा वर्षांचा पोरगा आणि पंचावन्न वर्षांची आजी एका बाकावर बसतात. फी चार वर्षांच्या विद्यापीठाच्या मानाने बरीच कमी.

पण नर्सिंगचं या कॉलेजांत येणं ही एका डॉक्टरेटच्या प्रबंधाची करामत आहे, हे आम्हाला फार आवडतं. आमचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडला. (हशा) मिल्ड्रेड मॉन्टॅग या बाईंचा प्रबंध कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधला, १९५१ साली पुस्तकरूपाने आला. त्याआधी अमेरिकेत बहुतेक नर्सेस इस्पितळांच्या स्वतःच्या शाळांत तीन वर्षं शिकत. शिकत म्हणजे बऱ्याच अंशी फुकट राबत. महायुद्धानंतर नर्सेसचा तुटवडा होता. मॉन्टॅगबाई म्हणाल्या, शिक्षण इस्पितळाच्या हातातून काढा, कॉलेजात आणा, दोन वर्षांचं करा. १९५२ मध्ये सात कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. त्यांच्या मनात होती ती एक मधली पायरी, ‘नर्सिंग टेक्निशियन’, पूर्ण नर्सच्या हाताखाली काम करणारी. झालं मात्र वेगळंच. या दोन वर्षांच्या मुली परवान्याच्या त्याच परीक्षेला बसल्या, उत्तीर्ण झाल्या आणि पूर्ण रजिस्टर्ड नर्स झाल्या. आजही तसंच आहे. दोन वर्षांची असोसिएट पदवी असो वा चार वर्षांची बी.एस.एन., परीक्षा एकच आणि परवानाही एकच. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्येच चार वर्षांची पदवी हवी असा ठराव मांडला होता, भांडण अजून मिटलेलं नाही. मोठी इस्पितळं हल्ली बी.एस.एन.वाल्यांना पसंती देतात, आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा केला की परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत ती पदवी मिळवा. म्हणून पुष्कळ जणी आधी दोन वर्षांची घेतात, नोकरीला लागतात, आणि मग बऱ्याचदा इस्पितळाच्याच मदतीने उरलेलं ऑनलाइन पूर्ण करतात. व्यवहारी दृष्टीने हा मार्ग शहाणपणाचा आहे असं आमचं मत.

आता ‘दोन वर्षांची’ या शब्दाकडे जरा संशयाने बघू. नर्सिंगचे चार सेमिस्टर दोन वर्षांत होतात, हे खरं. पण त्या चार सेमिस्टरच्या दारात उभं राहण्यासाठी आधीचे विषय पुरे करावे लागतात: शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र. काही कॉलेजांत रसायनशास्त्रही. घर सांभाळून हे करायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. शिवाय अनेक कॉलेजांत अट असते की शास्त्रविषय पाच किंवा सात वर्षांच्या आतले हवेत. आमच्या भाचीने बारावीला जीवशास्त्र घेतलंच नव्हतं. हाडांची दोनशे सहा नावं पाठ करताना तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. तुरीच्या डब्यावर ‘टिबिया’, तांदळाच्या डब्यावर ‘फीमर’. आम्ही एकदा फीमर शिजायला ठेवला.

आणि या विषयांत नुसतं पास होऊन भागत नाही. कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं असलं तरी त्याच्या आत नर्सिंगचं आणखी एक दार आहे, आणि ते अरुंद आहे. का? देशात नर्सेस हव्यात, शिकायला माणसं रांगेत उभी आहेत, मग जागा वाढवत का नाहीत? कारण शिकवणारी माणसं नाहीत. नर्सिंग शिकवायला साधारणतः मास्टर्स पदवी लागते, आणि तेवढी शिकलेली नर्स इस्पितळात राहून प्राध्यापकापेक्षा जास्त कमावते. दुसरं, वॉर्डात एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थी यावर मर्यादा असते, बऱ्याच राज्यांत दहाच्या आसपास. वर्गात शंभर बाकं टाकता येतील, पण पेशंटच्या खाटेशी शंभर जण उभे करता येत नाहीत. चार वर्षांच्या आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांनी २०२३ मध्ये ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज परत पाठवले, असं तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने सांगितलं. आता हा आकडा अर्जांचा आहे, माणसांचा नाही. एकाच मुलीने चार ठिकाणी अर्ज केला असेल. पण चित्र लक्षात येतं.

मग मोजक्या जागा द्यायच्या कुणाला? इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. तीन पद्धती दिसतात. काही कॉलेजं रांग लावतात: पात्र झालात, नाव लिहा, नंबर येईल तेव्हा या. काही चिठ्ठ्या टाकतात: किमान पात्रता असलेल्या सगळ्यांची सोडत. आणि बहुतेक आता गुण देतात: आधीच्या विषयांची श्रेणी, प्रवेशपरीक्षेचे गुण, आरोग्यसेवेचा अनुभव, कुठे दुसरी भाषा येत असल्याचे गुण, यांची बेरीज. तिन्हींच्या मागे न्यायाची एकेक कल्पना आहे. रांगेत धीराला मान आहे, पण ज्याला दोन वर्षं थांबणं परवडतं त्यालाच तो मान मिळतो. सोडत सर्वांना सारखं मानते. अथेन्सचे लोक बहुतेक अधिकारी चिठ्ठी टाकूनच निवडत, आणि त्यांना तीच खरी लोकशाही वाटे. पण रात्री दोनपर्यंत जागून सगळ्या विषयांत ए मिळवलेल्या मुलीला सोडतीत नाव आलं नाही, तर तिला अथेन्सची गोष्ट सांगून काय उपयोग? गुणपद्धत न्याय्य वाटते, कारण ती श्रमाला फळ देते. पण तीन मुलं आणि नोकरी सांभाळून मिळवलेला बी आणि आईबापांच्या घरी राहून मिळवलेला ए, यांतला श्रम कुठला मोठा, हे ती विचारत नाही. आमचं मत विचाराल तर किमान पात्रतेची रेषा उंच ठेवावी आणि तिच्या वर सोडत. भाचीला हे मुळीच पटत नाही. ती गुणपद्धतीनेच आत गेली.

व्यवहारात याचा अर्थ असा, की अर्ज करण्याआधी दीड वर्ष त्या कॉलेजचं निवडीचं पत्रक मिळवून वाचा. कुठल्या गोष्टीला किती गुण हे त्यात छापलेलं असतं. एखादा विषय पुन्हा देऊन श्रेणी सुधारली तर मोजतात का, प्रवेशपरीक्षा किती वेळा देता येते, हे तिथेच कळतं. आमच्या भाचीने ते पत्रक पहिला विषय पुरा झाल्यावर वाचलं, तोवर इंग्रजीत बी पडला होता.

प्रवेशपरीक्षा बहुधा टीज किंवा हेसी. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी भाषा असे चार भाग, १७० प्रश्न, २०९ मिनिटं. आपल्याकडच्या माणसांना गणिताची भीती नसते, वाचनाच्या भागात मात्र फसायला होतं. उताऱ्यात नसलेली पण आपल्याला खरी वाटणारी गोष्ट आपण उत्तर म्हणून निवडतो.

आता कागदपत्रं. भारतातली पदवी असेल तर ती डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून तपासून, अमेरिकन श्रेणींत उतरवून घ्यावी लागते, आणि गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटातून जावी लागतात. ज्यांनी आपल्या विद्यापीठांच्या खिडकीवर कधी उभं राहून पाहिलंय त्यांना आम्ही काय सांगणार! भाचीसाठी आम्ही स्वतः पाच चकरा मारल्या. सहाव्या वेळी तिथला शिपाई आमचा जुना विद्यार्थी निघाला म्हणून पाकिटावर शिक्का बसला. जुन्या पदवीचे इंग्रजी, अर्थशास्त्र असले विषय कधीकधी धरले जातात, शास्त्र बहुतेक पुन्हा करावंच लागतं. आणि एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही: केंद्र सरकारचं पेल ग्रँट हे अनुदान ज्यांच्याकडे आधीच बॅचलर पदवी आहे त्यांना मिळत नाही, आणि भारतातली पदवीही त्यात धरली जाते. बारावी झालेल्या शेजारणीला मिळतं, बी.कॉम.ला नाही. व्हिसाचं म्हणाल तर एच-४ वर शिकता येतं, पण नोकरी करायला वेगळा परवाना लागतो. तेव्हा शिकून झाल्यावर कामाची परवानगी हातात असेल का, आणि आपल्या राज्याचं नर्सिंग बोर्ड परवान्यासाठी काय मागतं, हे पहिली फी भरण्याआधी विचारा. भाचीकडे तोवर ग्रीन कार्ड होतं म्हणून ती सुटली.

प्रवेशाचं पत्र आलं की वाटतं झालं. मग आरोग्याचा फॉर्म येतो. गोवर, गालगुंड, कांजिण्या, कावीळ बी यांचे पुरावे द्या. आता आपल्याला कांजिण्या लहानपणी झालेल्या असतात, आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलेलं असतं, पण त्याची पावती कुणी ठेवत नाही. अशा वेळी रक्ताची तपासणी करून प्रतिकारशक्ती आहे हे दाखवता येतं. दुसरी गंमत क्षयाची. तुमच्या आमच्या दंडावर बीसीजीचा जो व्रण आहे, त्या लशीमुळे त्वचेवरची क्षयचाचणी नसलेला क्षय दाखवू शकते. भाचीचा हात असा लाल झाला, आणि तिच्यावर फुप्फुसाच्या एक्स-रेची पळापळ आली. बीसीजी घेतलेल्यांनी त्वचेच्या चाचणीऐवजी रक्तातली चाचणी मागावी, अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्रही तीच पसंत करतं. याखेरीज गुन्हेगारी नोंदींची तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, सीपीआरचं प्रमाणपत्र. कावीळ बीच्या लशीचे डोस महिन्यांच्या अंतराने असतात, ते आयत्या वेळी उरकता येत नाहीत.

आणि मग वर्ग सुरू होतो, आणि आमची हुशार भाची पहिल्याच परीक्षेत आपटते.

हे का होतं ते नीट बघू, कारण हाच आजचा गाभा आहे. आपण ‘२१ अपेक्षित’वर वाढलेली माणसं. प्रश्न माहीत, उत्तर माहीत, जुळवायचं. तिकडचा प्रश्न कसा असतो, आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. तुमच्याकडे चार पेशंट आहेत. एकाची काल पोटाची शस्त्रक्रिया झाली, दुखणं दहापैकी सात म्हणतोय. दुसरी मधुमेही, साखर १८०. तिसऱ्याला फुप्फुसाचा जुना सीओपीडी विकार, ऑक्सिजन ९० टक्के. चौथीची आज सकाळी थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली, आणि श्वास घेताना आता बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागलाय. आधी कुणाकडे जाल? भाची म्हणाली, तिसऱ्याकडे, ऑक्सिजन ९० म्हणजे कमी. आम्ही म्हणालो, पहिल्याकडे, बिचारा कळवळतोय. दोघंही चुकलो. जुन्या सीओपीडीच्या अनेक पेशंटांत ८८ ते ९२ हेच उद्दिष्ट असतं. त्याच्यासाठी ९० ही नेहमीची गोष्ट. चौथीच्या गळ्यात मात्र सूज किंवा रक्तस्राव श्वासनलिका दाबत असण्याची शक्यता आहे, आणि तिच्याकडे मिनिटं आहेत, तास नाहीत.

पाहा, या चार जणांबद्दलची प्रत्येक माहिती भाचीला ठाऊक होती. पुस्तकातलं वाक्य विचारलं असतं तर तिने घडाघडा सांगितलं असतं. तिला जमलं नाही ते हे की यातलं आत्ता काय महत्त्वाचं. काही प्रश्नांत तर चारही पर्याय खरे असतात, विचारलेलं असतं ‘आधी काय’. भाची रडकुंडीला येऊन म्हणाली, “मामा, चारही बरोबर आहेत, मग एकालाच मार्क का?” ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, त्याची परीक्षा कागदावर घ्यायचा हा प्रयत्न आहे. ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे. तिने अभ्यासाची रीत बदलली. वाचन निम्मं केलं, प्रश्न सोडवणं दुप्पट केलं, आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाखाली ‘मी का चुकले’ हे एका ओळीत मराठीत लिहायला लागली. माहिती नव्हती, की प्रश्न नीट वाचला नाही, की घाई केली. महिन्याभराने तिच्या लक्षात आलं, निम्म्याहून जास्त चुका दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

औषधाच्या हिशेबाची परीक्षा वेगळी असते आणि तिथे ९० टक्के, कुठे १०० टक्के लागतात. नाही मिळाले तर वॉर्डात पाऊल टाकता येत नाही. हिशेब सोपे असतात. हजार मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्यायचंय, नळीतून पंधरा थेंबांना एक मिलिलिटर होतं, तर मिनिटाला थेंब किती? पंधरा हजार भागिले ४८०, म्हणजे ३१. बँकेत काम केलेल्या बाईला यात काय अवघड? तरी तिचा एक गुण गेला, कारण तिने उत्तर ‘५.०’ असं लिहिलं. बँकेत ते योग्य. वॉर्डात पूर्णांकानंतर टिंब आणि शून्य लिहायचं नाही, टिंब पुसट दिसलं तर पाचाचे पन्नास होतात. उलट अर्धा लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवंच.

क्लिनिकल म्हणजे वॉर्डातलं काम. सकाळी साडेसहा-सातला हजर, कधी बारा तास. आदल्या रात्री पेशंटचा अभ्यास, नंतर काळजीचा आराखडा लिहून द्यायचा. इथे घर हा खरा प्रश्न होतो. तिच्या सासूबाई तेव्हा तिथे होत्या, त्यांनी सकाळचे डबे घेतले. नवरा कुकर लावायला शिकला. ज्यांच्याकडे सासूबाई नाहीत त्यांनी काय करायचं, याचं उत्तर आम्ही चांगलं देऊ शकत नाही. तिच्या वर्गातली एक बाई आठवड्याला तीस तास नोकरी करून शिकत होती आणि दुसऱ्या सेमिस्टरला सुटली. बुद्धीने ती भाचीपेक्षा तेज होती, हे भाचीच सांगते. कमी फीचं कॉलेज सर्वांसाठी उघडं असलं तरी वेळ विकत घ्यावा लागतो, तो सगळ्यांना सारख्या भावाने मिळत नाही.

आता तिसऱ्या सेमिस्टरची गोष्ट. नर्सिंगच्या विषयांत उत्तीर्ण व्हायला तिच्याकडे ७५ टक्के लागत. कुठे ७७ असतात, कुठे ७८. तिला मिळाले ७४.६. आम्ही म्हणालो, अगं, ते पंचाहत्तरच झाले. तर म्हणे पत्रकात छापलंय, गुण पुढच्या पूर्णांकात नेले जाणार नाहीत. नापास. विषय वर्षातून एकदाच, म्हणून वर्ष गेलं. आणि दोन विषयांत नापास झालं की कार्यक्रमातून बाहेर, म्हणजे यापुढे चूक करायला जागा नाही.

आम्ही भडकलो. आमच्या हाताखालून हजारो पेपर गेले, आम्ही ग्रेस मार्क देणाऱ्या परंपरेतले. आम्ही तिला फोनवर तत्त्वज्ञान सुनावलं. वाळूच्या ढिगातला एक कण काढला तर ढीग राहतो, अजून एक काढला तरी राहतो; मग ७४.६ ची नर्स धोकादायक आणि ७५ ची सुरक्षित, असं कुठला कण ठरवतो? ती शांतपणे म्हणाली, “मामा, ग्रेस मार्कांवर पास झालेल्या नर्सच्या हातून तुम्ही इन्सुलिन घ्याल?” आम्ही इन्सुलिन घेतो. आम्ही गप्प बसलो.

पण तिचं उत्तरही पुरतं खरं नाही, हे आम्हाला नंतर सुचलं. ती रेषा फक्त पेशंटसाठी आखलेली नसते. परवान्याच्या एनक्लेक्स परीक्षेत कॉलेजचे किती विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात पास होतात, हे राज्याचं बोर्ड आणि मान्यता देणारी संस्था पाहते. निकाल ७५-८० टक्क्यांच्या खाली घसरला तर कॉलेजच्या मान्यतेला धोका. म्हणून काठावरच्या विद्यार्थ्याला परीक्षेपर्यंत पोचूच न देण्यात कॉलेजचा हितसंबंध असतो. म्हणून तुम्ही कॉलेज निवडताना नुसता एनक्लेक्सचा निकाल विचारू नका. सुरुवातीला आत आलेल्यांपैकी किती जण वेळेत पुरे करतात, तेही विचारा. पन्नास घेतले, पंचवीस गाळले आणि चोवीस पास केले, तर निकाल ९६ टक्के. राज्याच्या बोर्डाची मान्यता आणि एसीईएनसारख्या संस्थेची मान्यता बोर्डाच्या संकेतस्थळावरून स्वतः तपासा. फ्लोरिडातल्या काही संस्थांनी पैसे घेऊन साडेसात हजारांहून अधिक खोट्या नर्सिंग पदव्या वाटल्याचं प्रकरण २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय यंत्रणांनी उघड केलं.

आणि गंमत बघा. ज्या एनक्लेक्ससाठी हा टक्क्यांचा कडेकोट, त्या परीक्षेत टक्केच नसतात. १९९४ पासून ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. किमान ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. तुमची क्षमता रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. हुशार विद्यार्थ्यालाही निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटतात, कारण प्रश्न त्याच्या ताकदीइतकेच अवघड होत जातात. म्हणजे ७४.६ आणि ७५ यांत भेद करण्याचा दावा ती परीक्षा करत नाही, ती खात्रीची भाषा बोलते. आम्हाला ती कॉलेजच्या रेषेपेक्षा जास्त पटते.

त्या वाया गेलेल्या वर्षात भाचीने काय केलं? पुन्हा प्रवेशाचा अर्ज लिहिला, आणि त्यात सबबी न देता आपल्या चुकांचे तीन प्रकार आणि त्यांवरचे उपाय लिहिले. मग एका नर्सिंग होममध्ये नर्सिंग असिस्टंटची नोकरी धरली. तिची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, फोनवर म्हणाली, “लोकांची घाण काढायला अमेरिकेला गेलीस का?” आमच्या घरात हे वाक्य बोललं गेलं, ते आम्ही लपवत नाही. आपल्याकडे हे काम कुणी करायचं हे शतकानुशतकं जन्माने ठरत आलं, ती सवय बी.कॉम.ने जात नाही. भाची म्हणते, पहिले पंधरा दिवस जेवण गेलं नाही. नंतर तिला चादर बदलताना पाठीवरचा लालसर डाग दिसायला लागला, जो दोन दिवसांनी जखम झाला असता. पूर्वी तिला हा डाग पुस्तकात ‘प्रेशर इंज्युरी, पहिली पायरी’ म्हणून माहीत होता.

पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंचं १९८४ चं पुस्तक आहे, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्यांवर. त्या पायऱ्या त्यांनी घेतल्या ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रेफस या बर्कलेच्या दोन भावांकडून, त्यातला ह्यूबर्ट तत्त्वज्ञ, हायडेगर शिकवणारा. नवशिका नियम पाळतो. तज्ज्ञाला नियम आठवावा लागत नाही, त्याला परिस्थितीच वेगळी दिसते. मात्र पहिली पायरी वगळून पाचवीवर उडी मारता येत नाही, आणि कॉलेज फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत पोचवतं. भाचीने पुन्हा दिलेला विषय ८१ ने सोडवला. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे, येत्या मे महिन्यात संपेल. पुढे काय होतं ते आम्ही सांगूच.

एक चिठ्ठी समोर आहे, ती घेतो आणि थांबतो. टेक्सासहून एक भगिनी विचारतात, माझं वय बावन्न, आता हे करावं का? बाई, वयाची अट कॉलेज घालत नाही. पण एकदम शास्त्रविषयांची फी भरू नका. आधी नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करा. केंद्रीय कायद्याने किमान ७५ तासांचा असतो, काही आठवड्यांत होतो, अनेक कॉलेजांत त्याचे प्रवेशाला गुणही मिळतात. सहा महिने ते काम करा. कंबर साथ देते का, रात्रीची पाळी झेपते का, आणि दुसऱ्याच्या शरीराला हात लावताना मन मागे सरतं का, हे तिथे कळेल. झेपलं तर मग निवडीचं पत्रक मागवा, आणि इंग्रजीत बी पडू देऊ नका.